एकच अर्क, दोन उलट परिणाम: सालीच्या काढ्याच्या चाचणीचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका विद्यापीठातल्या पेशीजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतले आहे. सांध्यांची सूज आणि पुन्हा पुन्हा येणारा ताप यांवर पिढ्यान्‌पिढ्या वापरल्या जाणाऱ्या एका झुडपाच्या सालीवर तिथे काम चालू होते. झुडपाचे, संस्थेचे आणि माणसांचे नाव इथे दिलेले नाही, आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. प्रतिकारशक्तीच्या पेशी हा माझा विषय असल्याने बाहेरची सल्लागार म्हणून मी या गटाबरोबर होते.

अशा कामाकडे मी नेहमीच आस्थेने पाहते, आणि त्यामागे कारण आहे. विलोच्या सालीची भुकटी तापावर गुणकारी ठरल्याचे एडवर्ड स्टोन यांनी १७६३ मध्ये रॉयल सोसायटीला कळवले. १८९७ मध्ये ॲस्पिरिन तयार झाले. पण हे रसायन प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती अडवते आणि म्हणून सूज उतरते, हे जॉन वेन यांनी दाखवायला १९७१ साल उजाडले. म्हणजे परंपरेतल्या एका निरीक्षणाचा पूर्ण उलगडा व्हायला दोनशे वर्षे लागली. एखाद्या सालीबद्दल जाणकार माणसे काही सांगत असतील, तर ते तपासण्याजोगे असते. मात्र तपासणी नीट झाली नाही तर सालीवरही अन्याय होतो आणि ती वापरणाऱ्यांवरही.

गटाची सुरुवात चांगली होती. झाडाची ओळख वनस्पतिशास्त्रज्ञाकडून पक्की करून नमुना वनस्पतिसंग्रहालयात जमा केला होता. ही पायरी अनेकजण गाळतात. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन घटवण्याच्या औषधात एका वनस्पतीच्या जागी चुकून ॲरिस्टोलोकियाची जात गेली आणि कित्येक स्त्रियांची मूत्रपिंडे कायमची निकामी झाली. नाव चुकले की पुढचे सगळे चुकते.

साल वाळवून, दळून, पाण्यात अर्धा तास उकळून काढा केला. तो गाळून, गोठवून, निर्वातात वाळवून त्याची भुकटी केली. ही भुकटी पेशींच्या पोषकद्रवात विरघळवायची आणि ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून काढून वापरायची, अशी पद्धत. चाचणीसाठी उंदराच्या मॅक्रोफेजची रॉ २६४.७ ही सर्वत्र वापरली जाणारी पेशीमालिका घेतली होती. मॅक्रोफेज म्हणजे बाहेरचे जंतू गिळणाऱ्या आणि धोका दिसला की टीएनएफ-अल्फासारखी दाहकारक प्रथिने सोडणाऱ्या पेशी.

प्रयोग दोन होते. पहिल्यात पेशींना नुसता अर्क देऊन टीएनएफ मोजायचे. दुसऱ्यात २४ तास अर्क देऊन पेशी धुवायच्या, मग जिवाणूंच्या आवरणातला एलपीएस हा पदार्थ देऊन दाह पेटवायचा आणि टीएनएफ किती येते ते पाहायचे.

दोन्हींत ठळक निकाल आले. नुसत्या अर्काने टीएनएफ वाढले. अर्क आधी दिलेल्या पेशींमध्ये मात्र एलपीएस देऊनही ते फारसे वाढले नाही. एमटीटी या चाचणीत, जिच्यात जिवंत पेशी जांभळा रंग आणतात, पेशी ठणठणीत दिसल्या. गटप्रमुख बाईंनी मसुदा लिहायला घेतला. त्यातला मुख्य दावा असा: शांत पेशींना हा अर्क जागे करतो, खवळलेल्यांना आवरतो, म्हणजेच प्रतिकारशक्तीचा तोल राखतो.

अडचण कुठे दिसली

हा दावा ऐकायला गोड होता. शरीरात जे बिघडले असेल ते औषध सावरते, या पारंपरिक कल्पनेशी तो तंतोतंत जुळत होता. मला तिथेच थोडे अवघडल्यासारखे झाले, पण हातात पुरावा नव्हता. पुरावा संशोधक विद्यार्थिनीच्या वहीत होता.

तिने दोन गोष्टी टिपून ठेवल्या होत्या. पहिली अशी की, अर्काची मात्रा १०० मायक्रोग्रॅम प्रति मिली केली की एमटीटीमध्ये पेशींचे जिवंतपण शंभर टक्क्यांच्या वर जाई. पेशी मरत नाहीत म्हणून यावर कोणी लक्ष दिले नव्हते. तिला मात्र ते खटकत होते: पेशी वाढल्याच नाहीत तर आकडा वाढला कसा?

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची होती. सालीचा दुसरा साठा आला तेव्हा त्याचा अर्क जवळजवळ निष्क्रिय निघाला. तो टीएनएफ वाढवत नव्हता आणि आवरतही नव्हता. झाड तेच, गोळा करणारी माणसे तीच, काढ्याची रीत तीच.

बैठकीत तिने दोन्ही साठ्यांचे आलेख शेजारी ठेवले आणि म्हणाली, "मॅडम, गुण दोन असतील तर एखाद्या साठ्यात एक जास्त, एक कमी असं दिसायला हवं ना? इथे दोन्ही बरोबर येतात आणि बरोबर जातात."

या प्रकरणातले हे सर्वांत मोलाचे वाक्य. दोन परिणाम नेहमी एकत्र हलत असतील तर त्यांच्यामागे एकच कारण असण्याची शक्यता मोठी. आणि मॅक्रोफेजला आधी पेटवणारा, मग काही काळ थंड करून टाकणारा एक पदार्थ सगळ्यांच्या ओळखीचा आहे: खुद्द एलपीएस, म्हणजे एंडोटॉक्सिन. एकदा त्याचा संपर्क आला की पेशी पुढच्या खेपेला क्षीण प्रतिसाद देतात. याला एंडोटॉक्सिन-सहिष्णुता म्हणतात. १९४० च्या दशकात पॉल बीसन यांनी सशांवर काम करताना पाहिले होते की जिवाणूजन्य ताप आणणारा पदार्थ वारंवार टोचला की ताप कमी कमी येत जातो. ती हीच घटना.

मग अर्कातच एंडोटॉक्सिन असेल तर? वनस्पतीवर आणि वनस्पतीच्या आतही जिवाणू असतात. साल हळू वाळली, ओलसर राहिली की ते फोफावतात. काढा उकळल्याने जिवाणू मरतात, पण त्यांच्या आवरणातले एंडोटॉक्सिन टिकते. काचेच्या भांड्यांवरून ते घालवायला २५० अंश सेल्सियसची कोरडी उष्णता अर्धा तास द्यावी लागते. ०.२२ मायक्रॉनची गाळणी जिवाणू अडवते, एंडोटॉक्सिन आरपार जाते. निर्जंतुक आणि एंडोटॉक्सिनमुक्त या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जीवशास्त्राच्या अभ्यासक्रमात हा फरक क्वचितच ठासून शिकवला जातो.

समोर असलेले पर्याय

बैठक लांबली. चार मते पुढे आली आणि त्यांतले एकही अडाणीपणाचे नव्हते.

पहिले मत असे की, दुसरा साठा हलक्या प्रतीचा समजून बाजूला ठेवावा. ऋतू, झाडाचे वय, जमीन यांनुसार औषधीचा गुण बदलतो हे परंपराही सांगते आणि रसायनशास्त्रही. हे खरे आहे, म्हणूनच हा पर्याय धोक्याचा होता. खऱ्या कारणाचा आधार घेऊन नकोसा निकाल बाजूला सारता येत होता, आणि तसे केल्याचे कोणाच्या लक्षातही आले नसते.

दुसरे मत, आणखी तीन-चार साठे घेऊन सरासरी काढावी. साठे वाढवणे योग्यच, पण कारण माहीत नसताना काढलेली सरासरी प्रदूषणाचीच सरासरी ठरली असती.

तिसरे मत गटप्रमुखांचे होते: पेशींवर वाद घालत बसण्यापेक्षा सरळ प्राण्यांवर जाऊ, शरीर काय ते ठरवील. उंदराच्या पंजात कॅराजीनन टोचून सूज आणायची आणि औषधाने ती किती उतरते ते मोजायचे, ही पद्धत विंटर आणि सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये रूढ केली आणि आजही ती दाहशामक औषधांची पहिली पायरी मानली जाते. माझा या मताला ठाम विरोध होता. अर्क पोटाच्या पोकळीत टोचला आणि तो तिथे स्वतःच चुरचुर करणारा निघाला, तर पंजाची सूज केवळ त्या त्रासामुळेही उतरते. प्रदूषित अर्काने तिथेही "दाहशामक" असाच निकाल दिला असता, आणि मग तो प्राण्यांत सिद्ध झालेला गुण म्हणून मिरवला असता. शिवाय पेशींवर सुटू शकणाऱ्या प्रश्नासाठी प्राणी वापरणे रास्त नाही. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेली तत्त्वे नेमके हेच सांगतात.

चौथा पर्याय थांबून प्रदूषण तपासण्याचा. यात विद्यार्थिनीचे नुकसान सर्वांत जास्त होते. तिच्या प्रबंधाची मुदत जवळ येत होती आणि हातातला निकाल निसटणार होता. तरी तिनेच हा पर्याय धरून ठेवला. गटप्रमुखांनी थोडा विचार करून होकार दिला आणि मसुदा बाजूला ठेवला. वरिष्ठ व्यक्तीने लिहून झालेला लेख मागे घेणे सोपे नसते. त्यांचा तो निर्णय मला मनापासून आवडला.

काय केले

पहिल्यांदा सोपी गोष्ट हाती घेतली. विद्यार्थिनीने प्लेटच्या एका ओळीत पेशी घातल्याच नाहीत. नुसता पोषकद्रव, वाढत्या मात्रेत अर्क आणि एमटीटी. काही तासांनी प्लेट बाहेर काढली तर रिकाम्या खळग्यांत जांभळा रंग होता. डावीकडे फिकट, उजवीकडे गडद, मात्रेनुसार चढत गेलेला. जिवंत पेशी नसताना पेशी जिवंत असल्याची खूण! सालीतली पॉलिफिनॉल ही रसायने एमटीटीचे थेट क्षपण करत होती, म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन देऊन रंग आणत होती. एमटीटी ही १९८३ पासूनची सर्वमान्य चाचणी आहे, पण ती पेशी मोजत नाही, एक रासायनिक क्रिया मोजते. ती क्रिया वनस्पतीचा अर्क स्वतःच करू शकतो. पेशींतला एटीपी हा ऊर्जा पुरवणारा रेणू मोजण्याच्या वेगळ्या पद्धतीने पाहिल्यावर १०० मायक्रोग्रॅमच्या मात्रेला पेशी चांगल्याच थकलेल्या निघाल्या. मरणासन्न पेशी टीएनएफ कमी सोडते, यात दाहशमन कसले?

मग एंडोटॉक्सिन. यासाठीची नेहमीची चाचणी लिम्युलस या नाल खेकड्याच्या रक्तपेशींपासून केली जाते. फ्रेडरिक बँग यांनी १९५६ मध्ये पाहिले होते की ग्रॅम-ऋण, म्हणजे आवरणात एंडोटॉक्सिन असलेले, जिवाणू शिरले की या प्राण्याचे रक्त गोठते. त्या गोठण्यावरच चाचणी आधारलेली आहे. पहिल्या साठ्याचा अर्क तपासला तर आकडा अगदी कमी आला. गटात सुटकेचा निःश्वास पडला. गटप्रमुख म्हणाल्या, "झालं, शंका फिटली."

मी विचारले, ज्ञात प्रमाणात एंडोटॉक्सिन अर्कात मुद्दाम मिसळून ते परत मोजले का? तसे केले नव्हते. करून पाहिले तर मिसळलेल्यातले जेमतेम काही सापडले. औषधसंहितांच्या नियमानुसार मिसळलेल्या एंडोटॉक्सिनपैकी ५० ते २०० टक्के परत सापडले तरच ती चाचणी ग्राह्य धरतात. सालीतले टॅनिन हे तुरट पदार्थ चाचणीतली विकरेच जखडून ठेवत होते. अर्क पुष्कळ पातळ केल्यावर हा अडथळा गेला आणि आकडा एकदम वर गेला.

आता अडचण उलट दिशेची. लिम्युलसची चाचणी एंडोटॉक्सिनखेरीज बीटा-ग्लुकॅन या शर्करासाखळ्यांनाही प्रतिसाद देते, आणि बुरशीत व वनस्पतींच्या पेशीभित्तींत त्या भरपूर असतात. म्हणून वाढलेला आकडाही जसाच्या तसा स्वीकारता येत नव्हता. फॅक्टर सी हे लिम्युलसच्या रक्तातले एंडोटॉक्सिन ओळखणारे प्रथिन जनुकतंत्राने बनवून वापरणारी चाचणी ग्लुकॅनकडे दुर्लक्ष करते, ती केली. तिच्यातही पहिल्या साठ्यात मिलिग्रॅममागे काही शे एकके निघाली. दुसऱ्या साठ्यात नगण्य. एक एकक म्हणजे साधारण ०.१ नॅनोग्रॅम एंडोटॉक्सिन. या हिशेबाने १०० मायक्रोग्रॅमच्या मात्रेबरोबर प्रत्येक मिलिलिटरमागे काही नॅनोग्रॅम एंडोटॉक्सिन पेशींपर्यंत पोचत होते. मॅक्रोफेज पेटायला त्याहून कितीतरी कमी पुरते.

एवढ्यावरही सिद्ध एवढेच होत होते की एंडोटॉक्सिन आहे. परिणाम त्याचाच आहे, हे दाखवायचे बाकी होते. त्यासाठी तीन प्रयोग झाले. अर्काबरोबर पॉलिमिक्सिन बी दिले. हे प्रतिजैविक एंडोटॉक्सिनला चिकटून त्याला निकामी करते. टीएनएफ मोठ्या प्रमाणात घसरले. मग टीएलआर४ हा ग्राहक नसलेल्या मॅक्रोफेजवर अर्क घातला. एलपीएस ओळखणारा ग्राहक हाच, हे १९९८ मध्ये ब्रूस बॉयटलर यांच्या गटाने दाखवले आणि त्यासाठी त्यांना २०११ चे नोबेल मिळाले. या पेशी जवळपास गप्प राहिल्या. थोडा प्रतिसाद उरला होता, तो टीएलआर२ हा जिवाणूंची लिपोप्रथिने ओळखणारा ग्राहक अडवल्यावर बराचसा गेला. म्हणजे एंडोटॉक्सिनच्या जोडीला जिवाणूंची लिपोप्रथिनेही होती.

तिसरा प्रयोग निर्णायक. अर्कात मोजलेले होते तेवढेच शुद्ध एलपीएस घेतले. ना साल, ना काढा. ते पेशींना २४ तास दिले, टीएनएफ वाढले. पेशी धुवून पुन्हा एलपीएस दिले, टीएनएफ दबले. मसुद्यातल्या दोन्ही आलेखांची हुबेहूब आकृती उमटली. नळ्यांवर फक्त सांकेतिक खुणा होत्या आणि कोणती नळी कशाची हे मोजणाऱ्याला ठाऊक नव्हते, त्यामुळे निकालावर शंका घ्यायला जागाच राहिली नाही.

पुढचा निर्णय अर्काचा. आहे तोच अर्क स्वच्छ करावा की नवा करावा? पॉलिमिक्सिनच्या स्तंभातून गाळले तर एंडोटॉक्सिनबरोबर सालीतले घटकही अडकण्याची भीती. ट्रायटन एक्स-११४ या प्रक्षालकाने वेगळे केले तर तो प्रक्षालक थोडा उरतो आणि पेशींना बाधतो. गटाने नवा अर्क करायचे ठरवले: ताजी साल, ५० अंशांवर झटपट वाळवलेली, एंडोटॉक्सिनमुक्त पाणी, भट्टीत तापवलेली काच, आणि दर टप्प्याला मोजणी.

याच सुमारास विद्यार्थिनी साल ओळखून देणाऱ्या आजींकडे पुन्हा गेली. पहिला साठा बराच काळ दमट गोदामात पडला होता हे तिने त्यांना सांगितले. आजी म्हणाल्या, "अगं, दमट साल मी कुणाला देतच नाही. मोडून बघते, कडकन मोडली नाही तर टाकून देते." आणि बोलता बोलता आणखी एक गोष्ट कळली. सांध्यांच्या सुजेवर त्या काढा देतच नाहीत. तिथे त्या तेलात शिजवलेल्या सालीचा लेप लावतात. काढा तापासाठी. पहिल्या भेटीत प्रश्न "कशावर वापरता?" एवढाच विचारला गेला होता. "कसे वापरता?" हे विचारलेच नव्हते.

निष्पत्ती

स्वच्छ अर्काने शांत मॅक्रोफेज हलले नाहीत. प्रतिकारशक्ती जागवण्याचा दावा तिथे संपला. आधी अर्क देऊन, धुवून, मग एलपीएस देण्याच्या प्रयोगातही काही दिसले नाही.

अर्क आणि एलपीएस एकाच वेळी दिले तेव्हा मात्र ३० मायक्रोग्रॅमच्या मात्रेला टीएनएफ थोडे कमी आले, आणि या मात्रेला पेशी एटीपीच्या कसोटीवर धडधाकट होत्या. आता गट शहाणा झाला होता. त्यांनी लगेच टीएनएफची मोजणीच तपासली: ज्ञात प्रमाणातले टीएनएफ अर्कात घालून ते परत सापडते का? काही भाग सापडला नाही. टॅनिन प्रथिनांना चिकटतात, आणि टीएनएफ हेही प्रथिनच. टॅनिन शोषून काढल्यावर मोजणी सुधारली आणि परिणाम आणखी आक्रसला. पूर्ण गेला नाही. रक्तदात्यांच्या रक्तातल्या मोनोसाइट या पांढऱ्या पेशींवरही तो दिसला, पण दात्यागणिक कमीजास्त. हे जे उरले ते सालीचे स्वतःचे आहे असे मानायला आता आधार आहे, आणि ते छोटे आहे.

लेख निघाला, वेगळ्या मथळ्याने. त्यात दोन्ही साठ्यांची माहिती, एंडोटॉक्सिनचे आकडे आणि फसलेल्या चाचण्या सविस्तर दिल्या आहेत. विद्यार्थिनीच्या प्रबंधाला उशीर झाला, पण परीक्षकांनी सर्वांत जास्त प्रश्न विचारले ते याच प्रकरणावर, आणि तिला प्रत्येकाचे उत्तर देता आले.

हा अनुभव एकट्या गटाचा नाही. २००८ मध्ये मिसिसिपी विद्यापीठातल्या संशोधकांनी एकिनेशियासह प्रतिकारशक्तीवर्धक म्हणून खपणाऱ्या काही वनस्पती तपासल्या. पेशींवर दिसणारा मॅक्रोफेज-उद्दीपनाचा बहुतांश भाग जिवाणूंच्या लिपोप्रथिनांमुळे आणि एलपीएसमुळे असल्याचे त्यांना आढळले. तरीही एंडोटॉक्सिनचा आकडा न देता प्रतिकारशक्तीबद्दल दावे करणारे लेख आजही छापले जातात. परीक्षक म्हणून माझ्याकडे असा लेख आला की मी पहिल्यांदा तोच आकडा मागते.

वेगळे काय करता आले असते

क्रम उलटा हवा होता. एंडोटॉक्सिनची मोजणी, पेशींविना एमटीटी आणि मोजणी-पद्धतीतली ढवळाढवळ तपासणे ही कामे पहिल्या जैविक प्रयोगाच्या आधी करायची असतात. तीनही स्वस्त आणि झटपट आहेत. निकाल हातात आल्यावर ती करणे अवघड जाते, कारण तोवर त्या निकालाशी माणसांचे नाते जडलेले असते. एमटीटीतला शंभरच्या वरचा आकडा हा पहिला इशारा होता. निकाल आपल्या बाजूचा असताना इशारे कमी ऐकू येतात, म्हणून ही यादी आधीच लिहून भिंतीवर लावलेली बरी. या गटाने आता तसे केले आहे.

प्रयोगाच्या आखणीतही एक फट होती. "आधी अर्क, मग एलपीएस" ही मांडणी सहिष्णुतेला मोकळे रान देते. तिच्या जोडीला "दोन्ही एकत्र" आणि "आधी एलपीएस, मग अर्क" या मांडण्या ठेवल्या असत्या तर विसंगती पहिल्याच फेरीत दिसली असती. तिसरी मांडणी तर प्रत्यक्षाला सर्वांत जवळची, कारण रुग्ण औषध घेतो ते सूज आल्यावर.

वापराची रीत न विचारणे ही माझ्या मते सर्वांत मोठी उणीव. रीत बदलली की रसायन बदलते. चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांच्या गटाला आर्टेमिसिया या वनस्पतीच्या उकळलेल्या अर्कात मलेरियाविरोधी गुण धड सापडत नव्हता. चौथ्या शतकातल्या गे होंग यांच्या ग्रंथात ती वनस्पती पाण्यात भिजवून पिळून रस घेण्याची कृती होती. ते वाचून त्यांनी १९७१ मध्ये कमी तापमानाला उकळणारे ईथर वापरले आणि आर्टेमिसिनिन या मलेरियावरच्या औषधाचा मार्ग खुला झाला. पारंपरिक ज्ञानाचा आदर करायचा तर त्याचे तपशील ऐकावे लागतात. आजींची "कडकन मोडते का" ही कसोटी सालीतला ओलावा सांगते, आणि ती पाळली असती तर पहिला साठा प्रयोगशाळेत शिरलाच नसता.

एका मुद्द्यावर गटात अजून एकमत नाही, आणि माझेही मत पुरते ठरलेले नाही. सालीच्या आत राहणारे जिवाणू हा तिचाच भाग मानला तर त्यांची लिपोप्रथिने हे प्रदूषण की औषधाचा घटक? तोंडावाटे घेतलेल्या एंडोटॉक्सिनचा फारसा त्रास होत नाही, कारण आतड्यात ते आधीच मुबलक असते. त्यामुळे पेशींवर दिसलेला हा परिणाम काढा पिणाऱ्यात तसाच दिसेल असे म्हणता येत नाही. दुसरीकडे, आतड्याच्या अस्तरातल्या प्रतिकारपेशींना त्याने काहीच फरक पडत नाही, असेही छातीठोकपणे सांगता येत नाही. गटप्रमुखांना हा धागा धरून पुढे जायचे आहे. मला वाटते, तसे करायचे तर त्या जिवाणूंची ओळख आणि प्रमाण दर साठ्यात मोजावे लागेल, आणि दमट गोदामातले जिवाणू झाडातल्या जिवाणूंपासून वेगळे काढावे लागतील.

विद्यार्थिनी सध्या लेपावर काम करते आहे. तेलातल्या अर्कात एंडोटॉक्सिन मोजणे पाण्यातल्यापेक्षा बरेच किचकट आहे. ते धड जमेपर्यंत त्वचेच्या पेशींवरचा पहिला प्रयोगही करायचा नाही, असे तिने स्वतःच ठरवले आहे.